भिंगमावशी आणि हलणारी भिंत

शर्टाच्या कारखान्यात तिला समोरून 'मावशी' म्हणत आणि पाठ वळली की 'भिंग'. दोन्ही नावं तिच्या कानांवर होती. पुढे कुणीतरी त्या दोन नावांना एक टाका घातला आणि ती कायमची भिंगमावशी झाली.

चेकिंगच्या लांबलचक टेबलाच्या टोकाला, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली, तिची जागा. अडतीस वर्षं तीच. शर्ट समोर आला की ती त्याला खांद्यांना धरून टेबलावर आपटायची, दोन्ही तळहात छातीवरून फिरवायची, बाह्या उलट्या करायची, आणि तेवढ्यात त्याचं सगळं पाप तिच्या ध्यानात आलेलं असायचं. सुटलेला टाका, अर्धा सूत सरकलेलं काज, पिळवटलेली बाजूची शिवण. बोटावर आधीच काढून ठेवलेला नखाएवढा लाल बाणाचा स्टिकर बरोबर त्या जागी बसायचा आणि शर्ट आल्या वाटेने परत. शिलाईच्या बायका म्हणायच्या, "ही वर गेली ना, तर देव पुढे येऊन म्हणेल, बाई, आधी ढग तपासून घ्या, मग आत या."

आता अशी बाई घरी जाऊन टीव्हीवर काय बघत असेल? ज्या मालिकेत दार जरा जोरात लावलं की अख्खी भिंत हलते, ती.

मालिकेचं नाव 'दवाखाना उघडा आहे'. त्यात एक डॉक्टरीणबाई. मरून चाळीस वर्षं झालेली, पण दवाखाना काही सुटत नाही. रोज संध्याकाळी पांढरा कोट घालून खुर्चीत हजर. तिचा म्हातारा कंपाउंडर तेवढा जिवंत. तो पेशंटना आत पाठवतो आणि बाईंचा हात एवढा थंड का, असं कुणी विचारलं तर "पंखा जोरात आहे" म्हणून वेळ मारून नेतो. वजनकाट्यामागच्या आरशात एक दुष्ट आत्मा राहतो, त्याला हा दवाखाना बंद पाडायचा आहे. एवढ्या भांडवलावर मालिका चारशे बारा भाग चालली. रोज एक भाग, एका दमात चित्रित. चुकलं तर पुन्हा घ्यायला ना वेळ ना टेप. त्यामुळे भुताची सावली पडायची. मेणबत्ती एका वाक्यात बोटभर आणि पुढच्या वाक्यात वीतभर असायची. आरशातल्या आत्म्याच्या नाकावर एकदा माशी बसली, तर तो बिचारा शाप देता देता तिला हाकलत होता.

मालिका लागायची सहाला आणि मावशीची पाळी सुटायची सातला. पण तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. भाऊजी मेहुणीसाठी रोजचा भाग टेप करून ठेवायचे, जी कॅसेट हाताला लागेल तिच्यावर. म्हणून सत्त्याण्णवावा भाग आजही कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीने सुरू होतो. एक टक्कलवाले गृहस्थ तिसऱ्यांदा वाढून घ्यायला ताट पुढे करतात आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई अवतरते. त्या गृहस्थांना काही मिळालं की नाही, हे कोडं मावशीकडच्या मंडळींना जवळजवळ चार दशकं छळतं आहे.

मंडळी म्हणजे रविवारी दुपारी तिच्याकडे जमणारी. त्यातले कायमचे दोघे. एक कटरमास्तर, कारखान्यात कापड कापण्यात आयुष्य गेलेले, आता निवृत्त. दुसऱ्या, वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई, शाळा सुटली तरी शिकवणं न सुटलेल्या. तिसरी मावशीची भाची, त्याच थोरल्या बहिणीची मुलगी. ती मालिकेसाठी नाही, मालिकेची टिंगल करायला यायची आणि बिस्किटं संपवून जायची.

या बैठकीचा एकच नियम होता. चूक दिसली की ती चूक नाहीच, हे पटवून द्यायचं. 'नट चुकला' असं म्हणायला बंदी.

"मावशी, ती भूत आहे ना?" भाची विचारायची. "मग सावली कशी पडते?"

"सावली तिची नाही, कोटाची आहे," कटरमास्तर लगेच म्हणायचे. "कोट कुठे मेलाय?"

"आणि भिंत का हलते?"

"दवाखाना दरीच्या कडेला आहे," भूगोलाच्या बाई चष्मा पुसत सांगायच्या. "तिसऱ्या भागात उल्लेख आहे. असा भाग भूकंपप्रवणच असणार."

"पण दार लावलं की भूकंप?"

"सौम्य धक्का. अशा जागी तेवढं कारणही पुरतं."

एखादं स्पष्टीकरण मंडळींना मान्य झालं की मावशी ते लिहून ठेवायची. कशावर, तर कारखान्याच्या जुन्या चेकिंग फॉर्मवर. कारखान्यात संगणक आला तेव्हा छापील फॉर्मचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत निघाले होते. कोरा कागद फुकट जाणं तिच्याने बघवेना, म्हणून तिने ते घरी आणले. एका चुकीला एक फॉर्म. दोष कोणता, कुठे, किती मोठा. शेराच्या रकान्यात मंडळींचं स्पष्टीकरण. खाली पास आणि नापास असे दोन चौकोन. असे एकशे त्र्याऐंशी फॉर्म फायलीत लावलेले. शेरा मात्र फक्त एकशे ब्याऐंशींवर.

"शर्टाला अर्धा सूत सरकलेलं काज चालत नाही तुला," भाची म्हणायची, "आणि इथे घरंच्या घरं हलतात ती चालतात. असं काय आहे गं हिच्यात?"

"तू पुढे बघ," मावशी म्हणायची. उत्तर टाळायचं असलं की तिचं ठरलेलं वाक्य.

उत्तर होतं. ज्याचा शेरा कोरा होता त्या दोनशे अकराव्या भागात होतं, आणि मावशीने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या भागात डॉक्टरीणबाईसमोर एक तापाने फणफणलेली मुलगी बसलेली असते. बाई तिचं मनगट हातात घेते, तोंड उघडते आणि थांबते. वाक्य विसरलेली असते. साधंसुधं नाही, पार कोरी पाटी. सात सेकंद कुणी काही बोलत नाही. सात सेकंद म्हणजे किती, हे ज्याला सगळ्यांसमोर काही आठवेनासं झालं असेल त्यालाच कळेल. मग कंपाउंडर पाठमोरा होतो, फळीवरची बाटली शोधल्यासारखं करतो आणि म्हणतो, "बाई, ताप कधीपासून आहे ते विचारणार होतात ना तुम्ही?" बाई मान वर करून त्याच्याकडे बघते. चारशे बारा भागांत तिने कुणाकडे तसं बघितलेलं नाही. आणि मग विचारते.

मावशीला कामावर लागून तेव्हा आठवा महिना होता. तिच्या हातून शर्टांचा एक अख्खा लॉट पास होऊन गेला होता आणि शर्टाशर्टाला दोन्ही कफ डाव्या हाताचे होते. चाळीस डझन. माल परत आला तेव्हा सुपरवायझरने सगळ्या टेबलांसमोर तिला एक शर्ट घालायला लावला आणि बटणं लावून दाखव म्हणाला. शनिवार होता. सोमवारपासून जायचं नाही, हे तिने जिना उतरतानाच ठरवलं. रविवारी दुपारी आठवड्याचे राहिलेले भाग बघायला बसली, नुसती वेळ घालवायला. त्यात हा भाग लागला. तिने कॅसेट मागे नेली, पुन्हा बघितला. पुन्हा नेली. भाऊजी म्हणाले, "टेप झिजेल गं." सोमवारी ती वेळेवर टेबलाशी उभी होती. आणि त्या सोमवारी कटरमास्तर, तेव्हाचे तरणेबांड, सुपरवायझरला जाऊन म्हणाले, की कफांच्या गठ्ठ्यांवर नंबर माझ्याच टेबलावर चुकीचे पडले, त्या पोरीला कसं कळणार. ते खरं होतं की नव्हतं, हे मावशीने त्यांना आजवर विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तर अशा या घरात यंदा चॅनेलवाली आली. तिशीची, बोलायला चटपटीत, हातात दोन फोन. चॅनेल ती मालिका पुन्हा दाखवणार होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अडचण एकच. चॅनेलने त्या काळी काही टेपा पुसून त्यांच्यावर हवामानाच्या बातम्या घेतल्या होत्या. एकोणीस भाग कुठेच नव्हते. फक्त मावशीच्या कपाटात होते. दोनशे अकरावाही त्यातच.

मावशीने एकोणीस कॅसेटी जुन्या शर्टांत गुंडाळून दिल्या. भाऊजींची आठवण होती, पण मालिका घरोघर दिसणार म्हटल्यावर तिला गगन ठेंगणं झालं होतं. चॅनेलवालीची नजर फायलीवर गेली.

"मावशी, हे काय?"

"चुका आहेत. एकशे त्र्याऐंशी."

"सगळ्या? भागांसकट?" चॅनेलवालीचे डोळे चमकले. "आमच्या तंत्रज्ञांना हे सोनंच आहे. नेऊ का?"

अडतीस वर्षांत मावशीच्या दोषांच्या यादीला कुणी सोनं म्हटलं नव्हतं. तिने फाईल दिली. वर चहाही पाजला.

महिन्याभराने चॅनेलवालीने नमुना म्हणून चार भाग पेनड्राइव्हवर पाठवले. रविवारी मंडळी जमली. चित्र काचेसारखं लख्ख. भाचीसुद्धा म्हणाली, "अय्या, कोटाला खिसा आहे होय!"

कंपाउंडरने दार लावलं. भिंत हलली नाही.

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरीणबाई दिव्यासमोरून गेली. सावली नाही. मेणबत्ती शिस्तीत हळूहळू लहान होत गेली. आत्म्याने शाप दिला, नाकावर माशी नाही, आणि तो हवेतच हात का झटकतोय हे आता कुणालाच कळलं नसतं.

"भूकंप थांबले," भूगोलाच्या बाई हळूच म्हणाल्या. एखादं गाव नकाशावरून पुसलं जावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

चौथा भाग दोनशे अकरावा. बाईने मुलीचं मनगट धरलं आणि लगेच विचारलं, "ताप कधीपासून आहे?" सात सेकंद नाहीत. फळीवरची बाटली नाही. कंपाउंडर कोपऱ्यात नुसता उभा, बाईने काही सांगावं म्हणून वाट बघत. ती त्याच्याकडे बघतच नाही.

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ आला.

"काय बिघडलं?" भाचीने विचारलं. "चांगलं केलंय की."

"शर्ट धुवायला दिला आणि परत आला तो दुसऱ्याचाच," कटरमास्तर म्हणाले. "स्वच्छ आहे. पण माझा नाही."

मावशी हात पुसत बाहेर आली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. तिने कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यातला एक काढून मंडळींपुढे धरला. तळाशी बारीक अक्षरात छापलेलं होतं: 'वरील दोष दुरुस्त करून माल परत पाठवावा.' अडतीस वर्षं रोज बघून ती ओळ तिला दिसेनाशी झाली होती. "मी ती ओळ खोडली नाही. त्यांनी वाचलं, आणि दुरुस्त केलं. एकशे त्र्याऐंशीच्या एकशे त्र्याऐंशी. कामाला वाघ आहेत मेले."

"मग आता?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"ए भिंगे," कटरमास्तर म्हणाले, "माल पुढे गेलाय, पण अजून दुकानात नाही गेला. तुला कुणी शिकवायला हवं का?"

सोमवारी मावशीने अर्धी रजा टाकली. अडतीस वर्षांत अकरावी. भाचीला सोबत घेऊन ती चॅनेलच्या कचेरीत गेली. चॅनेलवालीने दोघींना एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे भिंतीएवढा पडदा होता आणि यंत्रासमोर एक दाढीवाला तंत्रज्ञ बसला होता.

"आवडलं ना, मावशी?" चॅनेलवालीने विचारलं.

"लाव," मावशी म्हणाली.

पहिला भाग सुरू झाला. कंपाउंडरने दार लावलं. "थांबव." मावशी उठली, पडद्यापाशी गेली आणि भिंतीच्या मधोमध एक लाल बाण चिकटवला.

"अहो, काय करताय? पडदा आहे तो!" दाढीवाला उठलाच.

"इथे हलायला पाहिजे होतं. नाही हललं. दोष. पुढे."

दहा मिनिटांत पडद्याला गोवर आला. सावलीच्या जागी बाण, माशीच्या जागी बाण, मेणबत्तीला तर दोन. भाची तोंडावर ओढणी धरून हसत होती. चॅनेलवालीला हसू येत नव्हतं.

"मावशी, हे दोष तुम्हीच लिहिलेत. तुमच्या अक्षरात. आम्ही फॉर्मप्रमाणे काम केलं."

"अर्धा फॉर्म वाचलात," मावशी म्हणाली. "फाईल आण."

फाईल आली. मावशीने पहिला फॉर्म उघडून तिच्यापुढे ठेवला. "खाली चौकोन कुठला भरलाय?"

"...पास."

"दुसरा बघ."

"पास."

"कुठलाही काढ. दोष लिहिणं माझं काम, ते मी भुताचेही लिहीन. पण दोष आहे म्हणजे माल नापास, असं नसतं गं. कापडच हातमागाचं असलं तर त्यात गाठी असतात. आम्ही लिहितो, गाठी आहेत, आणि पास करतो. ती खालची ओळ नापास मालासाठी असते. ती खोडायची माझ्याकडून राहिली, ती चूक माझी. पण चौकोन बघायचा राहिला तो तुमच्याकडून."

चॅनेलवालीने आणखी वीस-पंचवीस फॉर्म उलटले. सगळीकडे निळ्या शाईत तीच फुली.

"पण लोक हसतील हो, मावशी. आजचा प्रेक्षक..."

"माझी एक कॅसेट तुमच्याकडे आहे. दोनशे अकरावी. ती जशी होती तशी लाव."

दाढीवाल्याने शोधली. मूळ प्रत होती, देव पावला. पडद्यावर खरखर आली, रंग फिकटले, मनगट, उघडलेलं तोंड आणि शांतता. खोलीत यंत्राच्या पंख्याचा आवाज तेवढा. चॅनेलवाली नकळत पुढे सरकली. कंपाउंडर पाठमोरा झाला.

वाक्य संपलं, बाईने मान वर केली आणि मावशी म्हणाली, "मी नोकरी सोडणार होते. चाळीस डझन शर्टांना दोन्ही कफ डावे, माझ्या नजरेखालून गेले होते. हे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. एवढंच. तुम्ही ही सात सेकंदं कापलीत, तर पुढची कुणी पोर जिना उतरून गेली ती गेली."

भाचीचं हसू केव्हाच थांबलं होतं. हे तिलाही नवीन होतं.

चॅनेलवालीने एक फोन उलटा ठेवला, मग दुसराही. "पहिल्या महिन्यात बातम्या वाचताना मी पाहुण्यांचं नावच विसरले होते," ती म्हणाली. "मला कुणी बाटली शोधून दिली नाही." मग दाढीवाल्याला म्हणाली, "मूळ प्रती सगळ्या आहेत?"

"आहेत. चित्र स्वच्छ ठेवून बाकी जसंच्या तसं करता येईल. पण फॉर्मप्रमाणे पुन्हा सगळं तपासायला लागेल. भिंत हलते की नाही, माशी कुठल्या नाकपुडीवर..." त्याने मावशीकडे बघितलं. "कोण तपासणार?"

मावशीने पडद्यावरचा एक बाण नखाने सोलून काढला. "रविवार सोडून कधीही सांग," ती म्हणाली.

दोन महिने ती संध्याकाळी त्या अंधाऱ्या खोलीत बसली. दाढीवाला पुढे पुढे तिच्या आधीच ओरडायला लागला, "मावशी, सावली आली!"

मालिका पुन्हा सुरू झाली, पूर्वीच्याच वेळी, सहाला. भिंत हलली तेव्हा भूगोलाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. सत्त्याण्णवाव्या भागाला मंडळी टक्कलवाल्यांची पंगत लावायला विसरली नाहीत. ती तेवढी चॅनेलने घेतली नव्हती, म्हणून मावशीने आधी कॅसेटवर लावली आणि मग टीव्ही. दोनशे अकरावा आला तोवर मावशी निवृत्त झालेली होती आणि भाची बिस्किटांचा पुडा न उघडता खाली बसलेली होती, अगदी पडद्यासमोर.

मनगट हातात आलं. बाईने तोंड उघडलं. एक, दोन, तीन. कटरमास्तर खिडकीबाहेर बघत होते. या जागी ते नेहमी बाहेरच बघतात. सात झाले. कंपाउंडर बोलला. बाईने विचारलं.

"विसरली नव्हती ती," भाची एकदम म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. या चुकीचं स्पष्टीकरण आजवर कुणी दिलं नव्हतं. कुणी प्रयत्नही केला नव्हता.

"मनगट धरलंय ना तिने? नाडी मोजत होती. स्वतःची चाळीस वर्षं लागलेली नाही, त्यामुळे दुसऱ्याची कशी लागते तेच ऐकत बसली. म्हणून कंपाउंडरला आठवण करून द्यावी लागली."

 मग कटरमास्तर घसा खाकरून म्हणाले, "बसतंय. अंगात बसतंय."

मावशीने चॅनेलकडून परत आलेली फाईल उघडली, तो एकच राहिलेला फॉर्म काढला आणि कोऱ्या रकान्यात भाचीचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं. मग पेन उलटं धरून फॉर्मच्या तळाची छापील ओळ एकदा वाचली आणि पेन सुलटं करून पट्टीने सरळ खोडली.

"आणि मास्तर," ती मान वर न करता म्हणाली, "ते कफांचे नंबर. खरंच तुमच्या टेबलावर चुकले होते का?"

मास्तर उठले, मावशीच्या फळीवरची बिस्किटांची बरणी शोधायला लागले. ती समोरच होती.

"तू पुढे बघ," ते म्हणाले.